एकाच आईबापाच्या दोन मुली, दोन रकाने

(जालना इथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातले काही भाग गाळले आहेत.)



आयोजकांनी मला विषय दिला आहे 'आंतरधर्मीय प्रेम आणि कायदा'. खरं तर यावर वकिलानं बोलायला हवं. मी इंजिनिअर माणूस. पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी करतो आणि दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसतो. कोणत्या तक्त्यात किती रकाने, कोणता रकाना रिकामा ठेवला तर चालतो, कोणता भरल्याशिवाय अर्ज पुढेच जात नाही, हे माझं रोजचं काम. कायदा वाचतानाही माझं लक्ष तिकडेच जातं. हा कायदा माणसाला नेमकं काय विचारतो? ते उत्तर कुठे लिहून ठेवतो? आणि ते कोणाकोणाला वाचायला मिळतं?

आधी जर्मनीतल्या एका जोडप्याबद्दल बोलतो, मग मुंबईतल्या एका जोडप्याबद्दल, आणि मग आपल्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याच्या नोटीस बोर्डाकडे येतो.

पहिल्या गोष्टीतली मुलगी यहुदी आहे. आपल्या घरांमध्ये यहुदी हा शब्द आजकाल फक्त गाझाच्या बातम्यांसोबत येतो. त्या बातम्यांचा संताप मलाही आहे. पण महाराष्ट्रात राहणाऱ्यांना यहुदी परके नाहीत. बेने इस्रायली मंडळी कोकणात शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत होती, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या घरात मराठी बोलली जायची. मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनाच्या नावातली मस्जिद म्हणजे १७९६ साली बांधलेलं त्यांचं सिनेगॉग, असं सांगतात. आता ज्या मुलीबद्दल बोलणार आहे, ती इस्रायल नावाचा देश जन्माला येण्याच्या सहा वर्षं आधी मारली गेली. तिच्यावर कुठलाही हिशेब चढवू नका, एवढीच विनंती.

तिचं नाव इर्मा एक्लर. हॅम्बुर्गची, जन्म १९१३. मुलगा ऑगस्ट लांडमेसर, कामगार, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. ऑगस्ट काही क्रांतिकारक वगैरे नव्हता. उलट १९३१ मध्ये तो नाझी पक्षाचा सभासद झाला होता, नोकरी मिळायला सोपं जाईल म्हणून. आपल्याकडेही गावातली पोरं कुठल्या कुठल्या पक्षाचं उपरणं गळ्यात घालतात, त्यातला प्रकार. मग त्याची इर्माशी ओळख झाली आणि १९३५ मध्ये दोघांनी लग्न ठरवलं. पक्षातून त्याला काढून टाकण्यात आलं. दोघं हॅम्बुर्गच्या विवाह नोंदणी कार्यालयात गेले आणि रीतसर अर्ज दिला. ते पळून गेले नाहीत, लपले नाहीत. सरकारी कार्यालयात जाऊन नाव, पत्ता, जन्मतारीख लिहून दिली.

महिनाभरात, १५ सप्टेंबर १९३५ ला, न्युरेंबर्गचे कायदे आले. त्यातल्या एकाचं नावच होतं जर्मन रक्त आणि जर्मन इज्जत यांच्या रक्षणाचा कायदा. ज्यू आणि जर्मन यांच्यात लग्न बंद, आणि लग्नाशिवायचा संबंध हाही गुन्हा. पंचेचाळीस वर्षांच्या आतली जर्मन बाई ज्यू घरात कामाला ठेवायची नाही, असंही त्यातच एक कलम होतं. इज्जत नेमकी कशात असते याबद्दल त्यांना फारच बारीक कल्पना होती.

आता माझ्या धंद्यातला प्रश्न. ज्यू कोण, हे ठरवायचं कसं? रक्त रक्त म्हणून एवढा गजर केला, पण रक्त मोजायचं यंत्र तर कोणाकडे नव्हतं. शेवटी त्यांनी आजी-आजोबा मोजले. चारपैकी तीन किंवा चार ज्यू असतील तर माणूस ज्यू. आणि आजी-आजोबा ज्यू होते हे कसं कळणार? ते कोणत्या धर्मसमाजाच्या वहीत नोंदलेले होते, त्यावरून. म्हणजे वंशाचं एवढं मोठं शास्त्र, आणि त्याच्या तळाशी एका कारकुनानं साठ-सत्तर वर्षांपूर्वी केलेली नोंद. पुढे १९३९ च्या जनगणनेत तर प्रत्येक आजी-आजोबांबद्दल वेगळा प्रश्न विचारला गेला आणि ती माहिती पंच कार्डांच्या यंत्रांवर मोजली गेली. आम्ही लोक आज जे काम करतो त्याचे ते आजोबाच.

लग्न तर झालं नाही, पण २९ ऑक्टोबर १९३५ ला त्यांना मुलगी झाली, इंग्रिड. दोघं एकत्रच राहिले. १९३७ मध्ये डेन्मार्कला पळून जायचा प्रयत्न केला, पकडले गेले. इर्माच्या पोटात दुसरं मूल होतं. ऑगस्टवर खटला भरला, वंश बाटवल्याचा. ती पूर्ण ज्यू आहे हे आम्हाला नक्की माहीत नव्हतं, असा बचाव झाला. मे १९३८ मध्ये पुराव्याअभावी तो सुटला, पण ताकीद मिळाली: पुन्हा एकत्र दिसलात तर खैर नाही.

ते पुन्हा एकत्र दिसले. उघडपणे, रस्त्यावर.

मी या जागी नेहमी थांबतो. इथे हुशार माणसानं काय केलं असतं? थोडे दिवस लांब राहिला असता, वारं फिरायची वाट पाहिली असती. आपण मित्रांना हाच सल्ला देतो ना? ऑगस्टला तो पटला नाही. १५ जुलै १९३८ ला त्याला परत अटक झाली आणि अडीच वर्षांची शिक्षा लागून तो ब्योर्गरमूरच्या छावणीत गेला. या गुन्ह्यात कायद्यानं शिक्षा फक्त पुरुषाला होती. बाईला शिक्षा नव्हती! म्हणून इर्माला शिक्षा झाली नाही, तिला गेस्टापोनं फक्त 'ताब्यात' घेतलं. तुरुंग, मग एक छावणी, मग दुसरी, शेवटी राव्हेन्सब्रुक. जानेवारी १९४२ पर्यंत तिची पत्रं येत होती. त्यानंतर तिला बेर्नबुर्गला नेऊन विषारी वायूनं मारलं असावं, असं मानलं जातं. ऑगस्ट १९४१ मध्ये सुटला, १९४४ मध्ये त्याला शिक्षा म्हणून असलेल्या लष्करी तुकडीत भरती केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो क्रोएशियात मेला.

आणि त्यांच्या मुली. धाकटी आयरीन, जन्म ६ ऑगस्ट १९३७. इथे नीट लक्ष द्या. थोरली इंग्रिड कायद्यानं 'अर्धी ज्यू' ठरली. धाकटी आयरीन 'पूर्ण ज्यू' ठरली. आई तीच, बाप तोच, आजी-आजोबा तेच आठ जण... चुकलो, चारच. तेच चार जण. मग फरक कशानं? नियमात एक तारीख होती. ज्यू व्यक्तीशी लग्नाबाहेरच्या संबंधातून ३१ जुलै १९३६ नंतर जन्मलेलं मूल ज्यू समजलं जाईल. इंग्रिड त्या तारखेच्या आधीची, आयरीन नंतरची. प्रोग्रामिंग शिकणारी मुलं इथे बसली आहेत, त्यांना हे लगेच कळेल. एक अट, एक तारीख, दोन वेगळी उत्तरं. इंग्रिड आजीकडे राहू शकली. आयरीनला अनाथालयात पाठवलं, पुढे दुसऱ्या कुटुंबाकडे. आणि मूल लग्नाबाहेरचं का ठरलं? कारण त्याच सरकारनं लग्न करू दिलं नव्हतं.

युद्धानंतर १९५१ मध्ये हॅम्बुर्गच्या प्रशासनानं हे लग्न मान्य केलं. नवरा-बायको दोघंही तेव्हा हयात नव्हते. थोरलीनं बापाचं आडनाव लावलं, लांडमेसर. धाकटीनं आईचंच ठेवलं, एक्लर. पुढे आयरीननं सरकारी दप्तरांमधले कागद गोळा करून घरची सगळी हकीकत पुस्तकरूपानं छापली. आज आपल्याला हे सगळं तारखांसकट माहीत आहे ते तिच्यामुळे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो पाहिला असेल. गोदीतले शेकडो कामगार हात पुढे करून सलाम ठोकताहेत आणि एकच जण हाताची घडी घालून उभा आहे. १३ जून १९३६, हॅम्बुर्गची ब्लोम उंड फॉस गोदी, जहाजाचं जलावतरण, खुद्द हिटलर हजर. तो माणूस म्हणजे ऑगस्ट, असं त्याच्या मुलीनं ओळखलं. पण आणखी एका कुटुंबाचं म्हणणं आहे की तो त्यांचा माणूस आहे. त्यामुळे मी त्या फोटोवर फार भार टाकत नाही. फोटो काढून टाकला तरी ऑगस्टची गोष्ट जराही कमी होत नाही. (ते जहाज अजून चालू आहे, अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडे, नाव बदलून. लोखंडाला वंशावळ विचारत नाहीत.)

ज्यू मुलगी आणि जर्मन पुरुष म्हटलं की शिकलेली माणसं दुसरंच उदाहरण देतात, हाना आरेन्ट आणि मार्टिन हायडेगर यांचं. ती अठरा वर्षांची विद्यार्थिनी, तो पस्तिशीचा, लग्न झालेला प्राध्यापक. १९३३ मध्ये तो विद्यापीठाचा कुलगुरू झाला, नाझी पक्षात गेला. त्याच वर्षी तिला अटक झाली आणि सुटल्यावर ती देश सोडून पळाली. त्या नात्यावर कपाटभर पुस्तकं आहेत. मला त्यात फार रस वाटत नाही. विसाव्या शतकातला एवढा मोठा तत्त्वज्ञ पक्षात शिरला आणि एक गोदी कामगार पक्षातून बाहेर फेकला गेला, एवढं लक्षात ठेवलं तरी मला पुरे.

आता मुंबई. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स गावचा एक चित्रकार होता, वॉल्टर लँगहॅमर. नाझींच्या हिशेबानं शुद्ध आर्य. बायको केटे, ज्यू आणि वर डाव्या विचारांची. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि दोनच महिन्यांत न्युरेंबर्गचे कायदे तिथेही लागू झाले. आधी झालेली लग्नं त्या कायद्यानं आपोआप मोडत नव्हती. पण अशा नवऱ्यांवर दबाव असायचा: घटस्फोट घे, मोकळा हो, नोकरी टिकव. कायदा हात झटकून बाजूला उभा राही आणि बाकीचं काम शेजारी आणि साहेब लोक करत. बऱ्याच जणांनी घटस्फोट घेतले. लँगहॅमर बायकोला घेऊन मुंबईला आला.

इथे तो टाइम्स ऑफ इंडियाचा कला दिग्दर्शक झाला. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी रविवारी चित्रकार जमायचे. कोण कोण? मंडला जिल्ह्यातून आलेला सय्यद हैदर रझा. आपल्या पंढरपुरात जन्मलेला, सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारा मकबूल फिदा हुसेन. लोकांच्या घरी नोकर म्हणून राबलेला कृष्णाजी आरा. या पोरांना ना ओळख होती, ना युरोपातली चित्रं पाहायची सोय. लँगहॅमर, बर्लिनहून आलेला समीक्षक रुडी फॉन लायडन आणि व्हिएन्नाहून आलेला श्लेसिंगर या तिघांनी त्यांना शिकवलं, त्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांची चित्रं विकत घेतली. हे तिघंही हिटलरमुळेच मुंबईत आलेले. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्यात सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. आज रझांचं एकेक चित्र कोट्यवधींना जातं, पेपरात फोटो येतो. त्याच्या मागे एक स्वयंपाकघर होतं, जिथे एका ज्यू बाईनं आणि तिच्या जर्मन बोलणाऱ्या नवऱ्यानं या पोरांना दर रविवारी आत घेतलं, हे पेपरात येत नाही.

लँगहॅमर दांपत्य इर्मा-ऑगस्टपेक्षा जास्त शूर होतं का? मला तसं वाटत नाही. डेन्मार्कच्या हद्दीवर पोलीस होते आणि मुंबईत एक नोकरी होती, एक घर होतं, ओळखीची चार माणसं होती. फरक तिथे आहे.

मुंबईतही रकाना सुटला नव्हता, हेही सांगतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना उचलून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत टाकलं. त्यात नाझीही होते आणि नाझींपासून पळून आलेले ज्यूही. एकाच तारेच्या कुंपणात! अर्जावर एकच प्रश्न होता, नागरिकत्व. दोघांचं उत्तर एकच. ज्यूंना बाहेर काढण्यासाठी पुढे वेगळी चौकशी करावी लागली.

आता आपल्याकडे येऊ. आणि आधीच स्पष्ट करतो, भारतात न्युरेंबर्ग आहे असं मी म्हणत नाही. कोणी म्हणालं तर मी विरोध करीन. इथे हिंदू मुलगा आणि मुस्लिम मुलगी, किंवा उलट, धर्म न बदलता लग्न करू शकतात, आणि हा हक्क कायद्यानं दिलेला आहे. १८७२ च्या जुन्या कायद्यात तर लग्नासाठी 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही' असं लिहून द्यावं लागे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं ती अट काढली. मोठी गोष्ट आहे ती.

पण त्या कायद्याचं कलम ५ आणि ६ वाचा. लग्नाची नोटीस द्यायची. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असलं पाहिजे. ती नोटीस वहीत चिकटवायची, आणि ती वही कोणीही, एक पैसा न भरता, बघू शकतो. शिवाय कार्यालयात दिसेल अशा जागी लावायची. आणि समजा मुलगी जालन्याची असून दोघं पुण्यात नोटीस देताहेत, तर नोटिशीची प्रत जालन्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे येते आणि इथेही लावली जाते. मग तीस दिवस थांबायचं.

आक्षेप कशावर घेता येतो? वय, आधीचा जोडीदार हयात आहे का, मानसिक संमती देण्याची क्षमता, जवळचं नातं. धर्मावर आक्षेप घेता येत नाही. कागदावर हे अगदी चोख आहे. पण ती नोटीस कोण वाचतं? मुलीचा चुलता वाचतो. त्याच्या ओळखीचा कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकतो. मग तो ग्रुप कुठल्या धर्माचा आहे यावर पुढचं ठरतं. धोका कायद्याच्या कलमात नाही, त्या तीस दिवसांत आहे. निकाह लावायला किंवा हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करायला अशी महिनाभराची नोटीस नाही. म्हणून घाबरलेली जोडपी काय करतात? एकानं धर्म बदलायचा आणि दोन तासांत लग्न उरकायचं. मग बाहेर ओरड होते, बघा, लग्नासाठी धर्मांतर! अरे, धर्म न बदलता लग्न करायचा रस्ता तुम्हीच तीस दिवस चौकात उभा करून ठेवलाय. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की जोडप्याला नको असेल तर ही नोटीस प्रसिद्ध करू नये. निकाल तिकडचा असला तरी तो वाचून ठेवा, उपयोगी पडतो.

डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्यात एक समिती नेमली गेली. सुरुवातीला आंतरजातीय आणि आंतरधर्मीय दोन्ही लग्नांची माहिती गोळा करायची होती. टीका झाली, दोन दिवसांत आंतरजातीय हा शब्द काढला. आंतरधर्मीय राहिला. त्याआधी वसईच्या एका मुलीची दिल्लीत तिच्यासोबत राहणाऱ्या मुलानं केलेली हत्या उघड झाली होती. त्या बातमीनं मुलींच्या आयांच्या पोटात गोळा आला, हे खरं आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नका. पण बायकोला मारणारे नवरे सगळ्या धर्मांत आहेत आणि बहुतेक स्वजातीतले, घरच्यांनी बघून दिलेले. मुलीची सुरक्षा हवी असेल तर रकाना 'मारहाण होते का' असा पाहिजे. 'नवऱ्याचा धर्म कोणता' हा रकाना वेगळ्याच कामाचा असतो. एकदा तक्ता तयार झाला की तो कोणाच्या हातात जाईल हे तक्ता बनवणाऱ्याच्या हातात राहत नाही. हे मी धंद्यातल्या अनुभवावरून सांगतो.

इथपर्यंत तुम्ही टाळ्या वाजवल्या. आता आपल्या घरात येऊ.

आपल्या मोहल्ल्यात मुलानं बाहेरची मुलगी आणली तर काय होतं? आधी आदळआपट, मग कोणीतरी मामू किंवा खालू मध्ये पडतात, मुलीला कलमा पढवतात, नाव बदलतात, निकाह होतो, वर्षभरात अम्मी तिला शीरखुर्मा करायला शिकवत असते. फुशारकीही मारली जाते. आणि तेच मुलीनं केलं तर? तिचा फोन काढून घेतला जातो, कॉलेज बंद, पंधरा दिवसांत खालाच्या गावी रिश्ता पक्का. किताबी बाईशी, म्हणजे यहुदी किंवा ईसाई बाईशी पुरुषाला निकाह करता येतो, हे आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. बहिणीनं विचारलं की सगळे आलिम होतात. मी फिकहचा जाणकार नाही आणि इथे फतवा द्यायला उभा नाही. माझा मुद्दा साधा आहे. जो नियम मुलग्याला सवलत म्हणून आठवतो आणि मुलीला कुलूप म्हणून, तो आपण धर्मासाठी पाळत नसतो, इज्जतीसाठी पाळत असतो. न्युरेंबर्गच्या कायद्याच्या नावातही तो शब्द होता, मघाशी सांगितलं. आणि समोरच्या बाजूलाही हेच चालतं, फक्त मुलगा-मुलीची अदलाबदल करून. दोन्हीकडचे रखवालदार एकमेकांना शिव्या देतात, पण दोघांच्याही हातातली यादी मुलींचीच असते.

आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीनं उद्या अठरा पूर्ण झाल्यावर येऊन सांगितलं की मला अमक्याशी, दुसऱ्या धर्माच्या मुलाशी, लग्न करायचंय, तर 'आमची मुलगी' म्हणून तिला अडवायला जाणाऱ्या गर्दीत तुमचा चेहरा नसेल, एवढं तरी आज इथे ठरवता येईल का? हा प्रश्न मी विशेषतः पुढच्या रांगेतल्या भावांना विचारतोय, कारण तुम्हीच आता खाली बघताय.

कामाचं बोलून थांबतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शक्ती वाहिनी खटल्यात सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी पोलिसांचा विशेष कक्ष आणि सुरक्षित घराची सोय असावी. आपल्या राज्याच्या गृह विभागानंही डिसेंबर २०२४ मध्ये त्याची कार्यपद्धती काढली. जालन्यात तो कक्ष कुठे आहे, त्याचा फोन कोण उचलतो, उचलणारा जोडप्याच्या घरी आधी कळवतो की नंतर, हे विचारायला दोघा-तिघांनी या आठवड्यात जायचं आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोबत एक वकीलताई यायला तयार आहेत. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन नोटीस कुठे लावतात तेही बघून या. फोटो काढू नका, नोटिशीवरची नावं कुठे लिहून आणू नका.

आणि घरं. तीस दिवस कोणाला तरी कुठेतरी झोपायचं असतं, जेवायचं असतं. मुलगी एकीकडे, मुलगा दुसरीकडे ठेवावा लागतो. घरात मोठी बाई असेल तर बरं. ज्यांच्याकडे एक खोली रिकामी होऊ शकते त्यांनी मला चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगा. यादी करणार नाही, पाठ करून ठेवीन.